गाडी फुल्ल आहे

माझ्याकडे फोन करणारा माणूस आणि प्रवासाला जाणारा माणूस हे सहसा वेगळेच असायचे. मुलगा फोन करायचा, आई जायची. सून फोन करायची, सासू-सासरे जायचे. नवरा फोन करायचा तेव्हा मागून बायको "सकाळची फ्लाइट नको म्हणावं" असं सांगताना मला स्पष्ट ऐकू यायचं, आणि पठ्ठ्या नेमकी सकाळचीच घ्यायचा. सव्वीस वर्षं मी शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये लोकांची तिकिटं काढून दिली. देशी ग्रोसरी आणि लाँड्री यांच्या मधला छोटासा गाळा, दोन खुर्च्या, एक कॉम्प्युटर आणि दिवसभर शेजारून येणारा हिंगाचा वास. गेल्या वर्षी गाळा सोडला. हल्ली ज्याची त्याची तिकिटं ज्याच्या त्याच्या फोनवर निघतात, तिथे माझं काय काम?

आमच्या मराठी मंडळाच्या अंकाच्या संपादकांनी सांगितलं, "उषाताई, गमतीजमती लिहा." गमती पुष्कळ आहेत. त्या आधी सांगते, म्हणजे पुढचं लिहायला जरा धीर येईल.

लोकांना वाटतं, तिकीट काढणं म्हणजे बटण दाबणं. अहो, बटण शेवटी. त्याआधी पासपोर्टवरचं नाव आणि तिकिटावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवायचं. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे, नवऱ्याचं नाव मधे, लग्नानंतर बदललेलं नाव आणखी तिसरीकडेच. मग व्हीलचेअर. भारतातून एकट्या येणाऱ्या आईसाठी प्रत्येक मुलगा व्हीलचेअर मागायचा. आई घरी चार जिने चढून जात असते, पण व्हीलचेअर घेतली की ढकलणारा माणूस तिला बरोबर गेटवर नेऊन पोचवतो, इंग्रजी बोलावं लागत नाही. एका आजींनी शिकागोला उतरल्यावर त्या ढकलणाऱ्यालाच दमलेला बघून खुर्चीत बसायचा आग्रह केला होता. सगळं मी डोळे मिटून करायचे, पण एक प्रश्न न चुकता विचारायचे: "आईंना विचारलंत का?" बहुतेक वेळा पलीकडे शांतता. म्हणजे विचारलेलं नसायचं.

पुढे पुढे युरोपचं खूळ आलं. चार दिवसांची सुट्टी दिसली की निघाले. इथल्याच एका जोडप्याने माझ्याकडून आठ दिवसांत सात शहरं मागितली. मी विचारलं, "झोपणार कुठे?"

"ट्रेनमध्ये."

"जेवणार कुठे?"

"ट्रेनमध्ये. आम्ही राइस कुकर घेतलाय."

"मग हॉटेल कशाला हवंय?"

"बॅगा ठेवायला नको का, ताई?" नवरा म्हणाला. त्याचा चेहरा इतका प्रामाणिक होता की मला हसताही येईना. त्यांना मी दोन शहरांवर आणलं. परत आल्यावर त्यांनी माझ्यावर उपकार केल्यासारखं सांगितलं की दोनच बरी पडली. राइस कुकरने हॉटेलचा फायर अलार्म वाजवला आणि अख्खं हॉटेल थंडीत रस्त्यावर आलं, हे मात्र मला तिसऱ्याकडून कळलं.

एकदा पुण्याकडची तीन मुलं, इथे एमएस करणारी, स्वस्तातल्या विमानाने गेली. मी कानीकपाळी ओरडत होते की बाळांनो, ते विमान शहराच्या नावाने विकतात आणि उतरवतात लांब कुठेतरी शेतात. दुसऱ्या दिवशी फोन. "मावशी, यार, दोन तास झाले, आम्ही अजून बसमध्येच आहोत."

त्यांना आणि सगळ्यांनाच मी एकच गणित शिकवायचे. विमान एका तासाचं असलं तरी घरून निघून विमानतळ, रांग, बूट काढा, बूट घाला, उतरल्यावर बॅगेची वाट, मग शहरात यायला टॅक्सी, असे पाच तास जातात. आगगाडी गावाच्या मध्यातून सुटते आणि गावाच्या मध्यात सोडते. चार-पाच तासांपर्यंतचा प्रवास असेल तर डोळे झाकून गाडी घ्या. खिडकीत बसा, देश बघा. मंडळातले लोक मला गाडीवाली उषा म्हणायचे. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

आता शैलाताईंचं सांगते.

शैलाताई आणि अरविंदराव आमच्या मंडळातले जुने लोक. शैलाताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठ्या. इथल्या एका बँकेच्या काउंटरवर त्यांनी वीसेक वर्षं काम केलं. माहेर भुसावळचं, वडील रेल्वेत गार्ड. रेल्वेच्या पासावर दर मे महिन्यात सगळं घर कुठेतरी जायचं. कुठे जायचं याला महत्त्व नसायचं, गाडीत बसायला मिळायचं याला असायचं. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. मी एकदा त्यांना म्हटलं, "आपल्या नेपरव्हिलच्या स्टेशनावरून शिकागोला गाडी जाते की रोज." त्या म्हणाल्या, "ती ऑफिसची गाडी गं. तिच्यात कोणी डबा उघडत नाही, कोणी कोणाला विचारत नाही कुठे निघालात. तिला काय गाडी म्हणायचं?"

चार वर्षांपूर्वी त्यांना कॅन्सर झाला. केमो सुरू झाली. मधे डॉक्टरांनी सांगितलं की पुढच्या उपचारांआधी नऊ-दहा दिवस मोकळे आहेत, तब्येत बरी आहे, कुठे जाऊन यायचं तर या. पुढे अशी संधी कधी येईल हे त्यांनी सांगितलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही.

त्यांची मुलगी नेहा इथेच जन्मलेली, शिकागोत वकिली करते. मनाने फार गोड पोर. तिने आईबाबांना सरप्राइज म्हणून व्हिएन्ना आणि प्रागचं सगळं बुकिंग स्वतःच फोनवरून करून टाकलं. माझ्याकडे आली ती आईसाठी ट्रॅव्हल इन्शुरन्स विचारायला. निघायला बारा दिवस राहिले होते. मी सवयीने विचारलं, "आणि व्हिसा कधी झाला?"

"कोणाचा व्हिसा, मावशी?"

"आईबाबांचा."

"व्हॉट डू यू मीन? दे लिव्ह हिअर! पस्तीस वर्षं!"

तिला माहीतच नव्हतं. पस्तीस वर्षं इथे राहून, घर बांधून, तिला वाढवून, तिच्या आईबाबांचे पासपोर्ट अजून भारताचेच होते. ग्रीन कार्ड अमेरिकेत राहायला पुरतं, व्हिएन्नाला जायला पुरत नाही. त्या व्हिसाची अपॉइंटमेंट मिळायलाच कित्येक आठवडे लागत होते. इथे वाढलेल्या आपल्या मुलांना आईबाप अमेरिकन वाटतात. आपण त्यांना कधी सांगितलेलं नसतं, आणि त्यांनाही विचारायचं सुचत नाही. नेहा माझ्यासमोर ढसाढसा रडली. "आय रुइन्ड इट. माझ्याकडे दुसरे नऊ दिवस नाहीत, मावशी."

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. अरविंदराव मान खाली घालून बसले होते. मंडळात त्यांचं वाक्य प्रसिद्ध होतं: "हात वर करून दुसऱ्या देशाची शपथ घ्यायला माझी जीभ वळत नाही." लोक कौतुकाने ऐकायचे. शैलाताई चहा करायला उठल्या, मी त्यांच्या मागे स्वयंपाकघरात गेले. म्हटलं, "तुम्हीही नाही घेतलीत सिटिझनशिप?"

त्यांनी आल्याचा तुकडा किसता किसता सांगितलं, "यांनी नाही घेतली म्हणून माझीही नाही झाली. मला कोणी विचारलंच नाही गं." त्यात तक्रार नव्हती. चहात साखर किती घालू, या सुरात त्या बोलल्या.

आता इथे माझी थोडी हुशारी सांगू द्या. युरोपात मोजके देश असे आहेत, जे अमेरिकेचं ग्रीन कार्ड बघून आत घेतात. (हे वाचून उठून निघू नका. नियम बदलतात, आधी चौकशी करा.) मी दोन दिवस शोधलं. सर्बिया घेत होतं आणि त्याला लागून असलेलं मॉन्टेनेग्रोही. बेलग्रेड शहर, दोन नद्यांच्या संगमावर जुना किल्ला, तिथे तीन दिवस. मग खाली मॉन्टेनेग्रोत, बार नावाच्या गावी समुद्रावर तीन दिवस. आणि या दोन्हींना जोडणारी दिवसाची आगगाडी! सकाळी नऊच्या सुमारास निघते, डोंगर चढते, शेकडो बोगदे आणि पूल ओलांडते, संध्याकाळी समुद्राजवळ उतरवते. मी त्यांच्याच डायनिंग टेबलावर लॅपटॉप फिरवून शैलाताईंना तिचा फोटो दाखवला. उंच पुलावर चार-पाच डबे, खाली दरी.

त्या फोटोकडे त्या किती वेळ बघत होत्या! केस गेलेले, डोक्याला रुमाल, आणि चेहरा अगदी दहा वर्षांच्या मुलीचा. "डबा नेता येतो का?" एवढंच त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. स्वतःचा, स्वतःसाठी. सव्वीस वर्षांत असे फोन मला बोटांवर मोजण्याइतके आले असतील. "उषा, ते गाडीचंच कर हं. विमान सुचवतील ही मंडळी. तू गाडीचंच कर."

"करते की," मी म्हटलं.

दुपारी नेहाचा फोन. "मावशी, बारा तास? आईचे ब्लड काउंट्स लो आहेत. ट्रेनचं टॉयलेट, क्राउड, इन्फेक्शन. नो वे. फ्लाय करू या, प्लीज." तिचं काहीच चुकत नव्हतं. माझं स्वतःचं गणितही चार-पाच तासांपर्यंतचंच होतं. बेलग्रेडहून खाली विमान तासाभरात जातं.

मग अरविंदरावांचा फोन. ते हळू आवाजात बोलत होते, बहुतेक गॅरेजमधून. "उषाताई, ती हट्टाला पेटलीय. मी नाही म्हटलं तर मनाला लावून घेईल. नेहाने म्हटलं तर दोघी रडतील. तुम्ही सांगा गाडी फुल्ल आहे. तुमचं ती ऐकेल. तुमच्यावर विश्वास आहे तिचा."

मी काय करायला हवं होतं, हे मला आज पक्कं माहीत आहे. त्यांना म्हणायला हवं होतं, "तुम्हीच बोला त्यांच्याशी. खरं कारण सांगा. काउंट कमी आहेत, भीती वाटते म्हणा. मग त्या ठरवतील." सगळ्या गावाला मी "आईंना विचारलंत का?" हेच तर विचारत आले होते. पण मुलगी घाबरलेली, नवरा गयावया करतोय, डॉक्टरांचं भय, आणि मला वाटलं आपण यांना सोडवतोय. सगळ्यांच्या भल्याचं आहे, असं वाटलं. मी शैलाताईंना फोन केला आणि सांगितलं, "शैलाताई, सॉरी हो. गाडी फुल्ल आहे. उन्हाळा ना, एकही सीट नाही."

त्या म्हणाल्या, "अगं बाई, असू दे. तू तरी काय करणार? पुढच्या वेळी आधी सांगू."

विमानाचं तिकीट मी दुपारचं काढलं, म्हणजे त्यांना सकाळी झोपायला मिळेल. असल्या बारीक गोष्टींत मी फार तरबेज होते.

सहल उत्तम झाली. नेहाने फोटो पाठवले. किल्ल्यावर तिघं, नदीकाठी तिघं, समुद्राच्या पाण्यात पाय बुडवून बसलेल्या शैलाताई. इन्फेक्शन नाही, ताप नाही. ठरल्या दिवशी परत येऊन उपचार सुरू झाले. अरविंदरावांनी फोन करून माझे दहादा आभार मानले.

आठवड्याभराने शैलाताई गाळ्यात आल्या. नेहाने त्यांना सोडलं आणि ती शेजारी ग्रोसरी आणायला गेली. माझ्यासाठी त्यांनी तिकडून अंजिराच्या वड्या आणल्या होत्या. खुर्चीत बसल्या, दम खाल्ला, आणि म्हणाल्या, "मी जाऊन आले हं स्टेशनावर."

"कुठल्या?"

"बेलग्रेडच्या. निघायच्या दिवशी सकाळी. हे झोपले होते, नेहा तिच्या खोलीत. हॉटेलवाल्याने टॅक्सी करून दिली. म्हटलं, बसायला नाही मिळत तर निदान सुटताना तरी बघू. गावाबाहेर झाडीत छोटंसं स्टेशन आहे गं, आपल्याकडच्या जुन्या स्टेशनांसारखं. गार्डाने शिट्टी दिली, तेव्हा मला बाबांची इतकी आठवण झाली!"

मी हसले.

"पण उषा," त्या म्हणाल्या, "गाडी अर्धी रिकामी होती."

शेजारच्या लाँड्रीतली मशीनं घरघरत होती. मी कॉम्प्युटरकडे बघत राहिले. आताही हे लिहिताना माझे कान तापलेत. त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि रागाने बघत नव्हत्या. मला अवघड होतंय हे त्यांना दिसलं असणार, कारण मग त्यांनीच मला वाट काढून दिली. "ऐन वेळी लोकांनी कॅन्सल केलं असेल. होतं ना तसं?"

"हो," मी म्हटलं. "होतं तसं."

पहिलं खोटं मी दुसऱ्याच्या सांगण्यावरून बोलले. हे दुसरं माझं एकटीचं. त्या वेळी खरं सांगितलं असतं तर त्या रागावल्या असत्या, कदाचित रडल्या असत्या, कदाचित हसल्याही असत्या. माफ तर नक्कीच केलं असतं, तशाच होत्या त्या. पण मला तेवढाही धीर झाला नाही. नेहा पिशव्या घेऊन आली. शैलाताई तिचा हात धरून उठल्या, दारात वळून म्हणाल्या, "वड्या आजच खा, नाहीतर कडक होतील."

त्याच नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधी त्या गेल्या. बर्फ लवकर पडलं होतं त्या वर्षी. मंडळाच्या शोकसभेत नेहा माझ्या गळ्यात पडली. "थँक यू, मावशी. थँक गॉड वी फ्लू. त्या ट्रिपमध्ये आई वॉज सो हॅपी." मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. काय सांगणार होते तिला? तिची चूक नव्हतीच. ती आईला जपत होती. आईला जपणारी माणसं घरभर होती, आणि आईला विचारणारं कोणी नव्हतं. ज्या एका बाईचं ते रोजचं काम होतं, तिनेही विचारलं नाही.

विमानाने नेलं ते चूकच झालं, असं मी म्हणत नाही. बारा तासांत काहीही झालं असतं. पण खरं कारण कळलं असतं तर विमान त्यांनी स्वतः निवडलं असतं, किंवा नसतं निवडलं. ते त्यांचं होतं. ते मी घेतलं. फसलेले, चुकलेले, रद्द झालेले कितीतरी प्रवास मी सव्वीस वर्षांत निस्तरले, ते आता आठवतही नाहीत. सुखरूप झालेला हा एक प्रवास तेवढा मनातून जात नाही.

हा लेख पाठवायच्या आधी मी अरविंदरावांना फोन केला. हा अंक त्यांच्या घरी जातो, ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. म्हटलं, या वेळी तरी आधी विचारावं. सगळं सांगितलं. स्टेशन, टॅक्सी, अर्धी रिकामी गाडी.

ते म्हणाले, "मला म्हणाली, जरा चालून आले. मी विचारलं नाही कुठे."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"तिला कळलं होतं तर."

"हो."

"आणि पुढचे तीन दिवस ती हसत होती आमच्याबरोबर." त्यांचा आवाज फुटला. मीही रडले. दोघं म्हातारी माणसं फोनच्या दोन टोकांना रडत होतो, दुसरं काय करणार?

जरा वेळाने त्यांनी नाक पुसलं. म्हणाले, "लिहा उषाताई. खुशाल लिहा. माझंही नाव घाला." आणि मग, "ती गाडी अजून चालते का?"

"उन्हाळ्यात दिवसाची असते म्हणतात. बघावं लागेल."

"मला एक तिकीट काढून द्या. नेहाला मी सांगेन. खरं काय ते सांगेन."

काम बंद केलंय, असं मी म्हटलं नाही. कॉम्प्युटर उघडला, आणि सव्वीस वर्षांच्या सवयीने विचारलं, "खिडकी कुठल्या बाजूची हवी?"

"शैलाला कुठली आवडायची?" त्यांनी मला विचारलं.

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. "तुम्हाला माहीत असेल ना?"

"चव्वेचाळीस वर्षांचा संसार," ते म्हणाले. "मलाही नाही माहीत." मग अजिजीने, "तुम्हीच ठरवा ना."

"नाही," मी म्हटलं. "मी नाही ठरवत." आणि फोन कानाला धरून बसून राहिले. तेही फोन धरूनच बसले होते.